मोकाट घोडा आणायचा, तर आधी कुंपण घाला



मोकाट जनावरांनी उभं पीक खाल्लं, की आपल्याकडे एक प्रश्न हमखास निघतो. सरकार ही जनावरं धरून गरजूंना वाटून का टाकत नाही? अमेरिकेत सरकार गेली पन्नास वर्षं नेमकं हेच करीत आहे. फरक एवढाच, की तिथे गाई-बैल नाहीत, घोडे आणि गाढवं आहेत. ते काम कसं चालतं आणि कुठे अडतं, ते आज सांगतो.

अमेरिकेच्या पश्चिमेला नेवाडा, वायोमिंग, युटा, ॲरिझोना अशी कोरडी राज्यं आहेत. नेवाडात पाऊस आपल्या माणदेशापेक्षाही कमी. तिथे सरकारी जमीन अफाट आहे. आपलं गायरानच समजा, पण जिल्हेच्या जिल्हे मावतील एवढं. त्यावर घोड्यांचे कळप हिंडतात. हे घोडे मुळात रानटी नव्हेत बरं का. स्पॅनिश लोकांनी आणलेले, पुढे पलटणीतून आणि मळ्यांतून सुटलेले किंवा सोडून दिलेले, अशांची ती अवलाद. गाढवांचंही तसंच. सोन्या-चांदीच्या खाणी खोदणाऱ्यांनी ती ओझ्याला आणली. खाणी आटल्या, माणसं निघून गेली, गाढवं माळावर राहिली.

पूर्वी या घोड्यांना मोटारी आणि विमानं मागे लावून पिटाळत, ट्रकमध्ये कोंबत आणि कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी कापत. १९५० साली नेवाडातल्या वेल्मा जॉन्स्टन नावाच्या बाईंनी अशा एका ट्रकमधून रक्त गळताना पाहिलं. बाईंनी हे प्रकरण धसास लावलं. शाळकरी पोरांनी खासदारांना पत्रांचा पाऊस पाडला. १९५९ साली मोटारी-विमानांनी पाठलाग करण्यावर बंदी आली आणि डिसेंबर १९७१ मध्ये पुरता कायदा झाला. त्यानं या जनावरांना मारणं किंवा परस्पर धरून नेणं हा गुन्हा ठरला.

आता खरी अडचण पुढेच आहे. रानात त्यांना मारून खाणारं जनावर फारसं नाही. कळप दर वर्षी शेकडा १५ ते २० नं वाढतो, म्हणजे चार-पाच वर्षांत दुप्पट. सरकारी हिशेबानं त्या जमिनीला २६ हजारांच्या आसपास जनावरं झेपतात. मार्च २०२० मध्ये ती ९५ हजारांवर गेली होती. त्याच जमिनीवर पैसे भरून गुरं चारणारे पशुपालक आहेत, हरणं आहेत. चारा तोच, पाणवठाही तोच. घोडेप्रेमी म्हणतात, आधी गुरं काढा. पशुपालक म्हणतात, आधी घोडे काढा. हे भांडण आपल्याला परकं वाटायला नको.

म्हणून सरकारचं जमीन खातं कळपातली जादा जनावरं धरतं. कधी हेलिकॉप्टरनं हाकून, कधी पाणवठ्याभोवती कुंपण घालून. १९७६ च्या कायद्यानं सरकारी कामापुरती हेलिकॉप्टरला पुन्हा परवानगी मिळाली. धरलेली जनावरं कोंडवाड्यात येतात, त्यांना लस टोचतात, जंताचं औषध पाजतात आणि मानेच्या डाव्या बाजूला खूण करतात. कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात, त्यातच लोखंडी ठसा गार करून तो मानेवर टेकवायचा. डाग देण्यापेक्षा याचा त्रास कमी. तिथे पुढे पांढरे केस उगवतात आणि जनावराचं जन्मवर्ष आणि नंबर कायम वाचता येतो.

मग ती लोकांना पाळायला देतात. आपल्या कोंडवाड्यातल्या लिलावात बोलीचे पैसे भरले, की जनावर तुमचं होतं. तिकडे तसं नाही. न शिकवलेल्या घोड्याला किंवा गाढवाला निदान १२५ डॉलर, म्हणजे आपले दहा-अकरा हजार रुपये पडतात. पैसे भरूनही पहिलं वर्षभर जनावर सरकारचंच. तुम्ही नुसते सांभाळणारे. ते विकायचं नाही, कुणाला परस्पर द्यायचं नाही. खात्याचा माणूस गोठा बघायला येऊ शकतो. वर्ष झालं, जनावर नीट आहे असा पशुवैद्याचा किंवा तशा जाणकाराचा दाखला मिळाला, की मालकीचा कागद हाती येतो. एका माणसाला वर्षात चारच जनावरांचे कागद मिळतात. झेपलं नाही तर जनावर परत करता येतं.

आणि अर्जात विचारतात काय? तुमच्याकडे पैसा किती, हे नव्हे. जनावर ठेवणार कुठे, हे. दर जनावरामागे निदान ४०० चौरस फूट आवार हवं, म्हणजे वीस फूट लांब, वीस फूट रुंद. मोठ्या, माणसाळवलेल्या नसलेल्या घोड्यासाठी कुंपण सहा फूट उंच, गाढवासाठी साडेचार फूट. लाकडी फळ्या किंवा लोखंडी नळ्या चालतील, काटेरी तार अजिबात नाही. बुजलेला घोडा तार बघत नाही, सरळ तिच्यात घुसतो आणि छाती फाडून घेतो. वर सावली, खाली निचरा, जवळ स्वच्छ पाणी.

आपल्याकडे बहुधा उलट होतं. बाजारातून शिंगरू आधी येतं आणि ते बांधायचं कुठे याचा विचार दारात उभं राहून होतो. सारंगखेड्याच्या बाजारातून न शिकवलेलं शिंगरू आणणाऱ्यानं अमेरिकेतली ही एक अट उचलायला हरकत नाही.

असं जनावर घरी आणल्यावर पहिली चूक होते ती माळावर मोकळं सोडण्याची. ते पुन्हा हाती लागत नाही. त्याला लहान आवारातच ठेवायचं. पहिले काही दिवस नुसतं वैरण-पाणी करायचं आणि तिथेच शांत उभं राहायचं. अंगावर जायचं नाही, डोळ्याला डोळा लावायचा नाही. ते तुमच्याकडे एक पाऊल आलं, की तुम्ही एक पाऊल मागे सरायचं. म्हणजे त्याला कळतं, की या माणसापासून सुटका आपल्या हाती आहे. मग लांब काठीनं खांद्याला हळूच स्पर्श, मग हात, मग मोरखी. मोरखी धरून पुढे चालू लागेपर्यंत त्याला मोठ्या कुरणात नेऊ नये. याला कुणाचे आठ दिवस जातात, कुणाचे दोन महिने. वैरणही सुरुवातीला साधं वाळलं गवतच. रानात रोडावलेल्या जनावरापुढे एकदम लसूणघास किंवा धान्य टाकलं, तर पोटशूळ उठतो. आणखी एक गोष्ट घोडं-गाढव पाळणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावी. गुरांच्या आणि कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं. बैलाला ते सोसतं, घोड्याचा मात्र थोडक्यातही जीव जातो.

आता हे सगळं करायला माणसं मिळतात का? पुरेशी मिळत नाहीत. आजवर अडीच लाखांहून जास्त जनावरं लोकांकडे गेली, तरी ६० हजारांच्या वर जनावरं सरकारच्या कोंडवाड्यांत आणि भाड्याच्या कुरणांत उभी आहेत. या कामासाठी असलेला निम्म्याहून जास्त पैसा त्यांच्या सांभाळातच जातो. म्हणून २०१९ साली सरकारनं नवी युक्ती काढली. जो घोडं नेऊन वर्षभर सांभाळील, त्याला उलट १००० डॉलर द्यायचे. आपले ऐंशी-नव्वद हजार रुपये. उठाव लगेच वाढला. पण काही लोकांनी घरातल्या चौघांच्या नावावर चार-चार घोडी नेली, वर्षभर कशीबशी जगवली, कागद आणि पैसे हातात पडताच लिलावात उभी केली. तिथून ती परदेशातल्या कत्तलखान्याच्या वाटेला लागली. ज्या रक्तामुळे कायदा झाला, तेच पुन्हा सुरू झालं. २०२१ साली वर्तमानपत्रांनी हे उघडकीस आणलं आणि मार्च २०२५ मध्ये कोलोरॅडोतल्या न्यायालयानं ती योजना रद्द केली. लोकांच्या हरकती आणि पर्यावरणाची तपासणी या पायऱ्या सरकारनं गाळल्या होत्या, हे त्याचं कारण. माझं म्हणणं असं, की कुंपणाची अट चांगला माणूस निवडत होती आणि पैशानं दुसरीच माणसं आणली.

जाता जाता मेंढपाळ भावांसाठी गाढवाचं सांगतो. तिकडे त्यांची गर्दी झालीय आणि आपल्या देशात मात्र २०१२ च्या पशुगणनेत तीन लाखांवर असलेली गाढवं २०१९ मध्ये सव्वा लाखावर आली. मढी, जेजुरीच्या बाजारांत जाणाऱ्यांना हे सांगायला नको. तिकडचे काही मेंढपाळ हे मोकाट गाढव कळपात राखणीला ठेवतात. कोल्ह्याच्या जातीचा कोयोट किंवा भटकं कुत्रं आलं, की गाढव ओरडतं, अंगावर जातं, पुढच्या पायांनी तुडवतं. त्यासाठी मादी किंवा खच्ची केलेला नर घ्यावा, आखडू नर मेंढ्यांनाच चावतो. एका कळपात एकच ठेवावं, दोन असली तर एकमेकांतच रमतात. आपल्या राखणीच्या कुत्र्याशी मात्र त्याचं जमेलच असं नाही. लांडग्यांची टोळी आली, तर एकटं गाढव पुरं पडणार नाही. मऊ जमिनीत त्याचे खूर झिजत नाहीत, ते दर दोन महिन्यांनी साळून घ्यावे लागतात.