रस्त्याकडेची पंगत

एखाद्या देशाच्या खाद्यसंस्कृतीची ओळख करून घ्यायची, तर हमरस्त्याच्या कडेच्या साध्या खाणावळींत शिरावे लागते. अमेरिकेच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. १८७२ साली प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट यांनी घोडागाडीतून रात्रपाळीच्या कामगारांना खाद्यपदार्थ विकण्यास प्रारंभ केला. ‘डायनर’ या उपाहारगृहाचा उगम त्या गाडीत आहे. पुढे मोटारगाड्या आल्या, १९२६ साली ‘रूट ६६’सारखे महामार्ग निश्चित झाले, आणि प्रवाशांच्या भुकेवर असंख्य खाणावळी उभ्या राहिल्या.

दक्षिणेकडील राज्यांत या खाणावळींचे भूषण म्हणजे बार्बेक्यू. मंद आचेवर, लाकडाच्या धुरात, तासन्‌तास शिजविलेले हे मांस प्रांतोप्रांती वेगळी चव धारण करते. उत्तर कॅरोलायनाच्या पूर्व भागात डुकराच्या मांसावर शिरका व मिरची यांचे पातळ मिश्रण घालतात; दक्षिण कॅरोलायनात मोहरीला मान आहे; टेक्सासमध्ये गोमांस श्रेष्ठ, तर कॅन्सस सिटीत टोमॅटोचा गोडसर, दाट सॉस. या कलेच्या घडणीत गुलामगिरीत जखडलेल्या आफ्रिकी वंशाच्या आचाऱ्यांचा वाटा फार मोठा आहे.

परंतु ज्यांच्या हातांनी ही चव घडविली, त्यांनाच पंगतीत स्थान नव्हते. कृष्णवर्णीय प्रवाशाला कोठे जेवण मिळेल हे सांगण्यासाठी व्हिक्टर ग्रीन यांना १९३६ पासून एक स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध करावी लागली.

अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम येथील ‘ऑलीज बार्बेक्यू’चे उदाहरण बोलके आहे. तेथील सुमारे दोनतृतीयांश नोकर कृष्णवर्णीय होते. मात्र कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाने पदार्थ बांधून घ्यावेत व बाहेर न्यावेत, असा शिरस्ता होता. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने या पंक्तिभेदास मनाई केली, तेव्हा मालकांनी न्यायालयात धाव घेतली. आपला धंदा स्थानिक आहे, संघराज्याच्या विधिमंडळाचा त्याच्याशी संबंध नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

निर्णय झाला तो मांसाच्या हिशेबावर. आदल्या बारा महिन्यांत खाणावळीने सुमारे दीड लाख डॉलरचे अन्नपदार्थ खरेदी केले होते आणि त्यांपैकी ४६ टक्के रकमेचे मांस राज्याबाहेरून आलेले होते. आंतरराज्य व्यापाराचे नियमन करण्याचा अधिकार संविधानाने विधिमंडळास दिलेला आहे. तेव्हा हा कायदा या खाणावळीसही लागू होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर १९६४ रोजी एकमताने दिला.

मनुष्याच्या प्रतिष्ठेचा प्रश्न असा व्यापाराच्या वाटेने सुटला, याचे काहींना वैषम्य वाटेल. तरीही मांसाला जी सीमा कधी अडवू शकली नाही, तिच्याच आधारे मनुष्याला मेजापाशी बसता आले. बार्बेक्यूच्या चवीची चर्चा करताना हा इतिहास वगळला, तर ती चर्चा अपुरी राहील.