आधी मुले मोजा, मग शाळांना कुलपे लावा!



आज शाळांवर बोलायचे ठरले, तेव्हा कोणी मनात म्हणाले असेल, भाषिक राज्याच्या व्यासपीठावर बाकांचा आणि वर्गखोल्यांचा हिशेब कशाला? अहो, हा हिशेब चुकला तर भाषेचे राज्य काय कागदावर नांदणार आहे? १ मे १९६० रोजी मराठी राज्य मिळाले. पण पोराला पहिलीत बसायला जागा मंत्रालय देत नाही. ती द्यायची नगरपालिकेने, महापालिकेने आणि खेड्यात जिल्हा परिषदेने.

ज्या १९५६ साली आमच्या माथी द्विभाषिक मारले, त्याच साली घटनेत ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्य समाजांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, म्हणून प्रत्येक राज्याने, आणि नीट ऐका, प्रत्येक स्थानिक संस्थेने पुरेशी सोय करण्याचा यत्न करावा, असे ते सांगते. बेळगावच्या मराठी पोरासाठी आम्ही या कलमावर बोट ठेवतो. मग धारावीतल्या तमिळ पोरासाठीही तेच बोट तिथेच ठेवले पाहिजे. तिथे हात आखडता घेतला, तर बेळगावसाठी कोणत्या तोंडाने बोलायचे?

आता घरची गोष्ट. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढे गिरण्या बंद पडल्या, चाळींच्या जागी टॉवर उठले, आणि लालबाग-परळचा माणूस डोंबिवली, दिवा, नालासोपारा, विरार असा लोकलच्या रुळांवरून लांब लांब फेकला गेला. शाळेची इमारत मात्र काही डोक्यावर घेऊन जाता येत नाही! ती परळलाच राहिली. मग साहेब म्हणतात, पटसंख्या नाही, शाळा बंद करा, दोन शाळा एकीत घाला. अरे, पट गेला कुठे, हे कोणी विचारले का? मुले काय हवेत विरली? ती पुढच्या स्टेशनांवर उतरली. परळला जितके वर्ग मिटले, तितके दिव्याला उघडले का, हा आमचा सवाल आहे. विरारकडे तर आणखी तऱ्हा. तिथे २००९ साली महापालिका झाली, पण प्राथमिक शाळा त्यानंतरही कित्येक वर्षे जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. घरपट्टी घ्यायला एक आणि शाळा चालवायला दुसरे!

यावर उत्तर मिळते, मुले किती येणार हे आधी कसे कळावे? साधी गोष्ट आहे. आज जन्मलेले मूल सहा वर्षांनी पहिलीत येते. सरकारला सहा वर्षांची नोटीस मिळालेली असते. कोणत्या सावकाराने एवढी मुदत दिली आहे? मात्र नुसत्या जन्मनोंदीवर विसंबू नका. आमच्याकडे सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते. दिव्याचे मूल चिपळूणच्या दप्तरी लागते. म्हणून मोजणी राहत्या घराची हवी. ती होते आहेच! पोलिओचा डोस पाजणाऱ्या बाया जिने चढून दारोदार जातात. अंगणवाडीच्या सेविकेला गल्लीतले प्रत्येक पोर नावानिशी ठाऊक असते. नव्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र देते तीही पालिकाच, म्हणजे किती बिऱ्हाडे येणार हे तिला आपल्याही आधी कळते. समजा, एका वस्तीत यंदा पहिलीची सहाशे मुले निघाली. त्यांतली निम्मी खाजगी शाळेत गेली, तरी तीनशे उरली. तीस मुलांमागे एक शिक्षक, हे कायद्याचेच प्रमाण. म्हणजे एकट्या पहिलीचे दहा वर्ग, आणि पाचवीपर्यंत पन्नास. हे गणित चौथीतले पोरगेही करील.

२००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे हे त्यात स्थानिक संस्थेचे कर्तव्य आहे. आम्ही एका कचेरीत ती नोंद बघायला मागितली. कारकून भला माणूस, त्याने चहा पाजला. नोंदवही मात्र निघाली नाही. शाळेत असलेल्या मुलांचा तक्ता निघाला. शाळेबाहेर राहिलेले मूल शाळेच्या तक्त्यात कुठून सापडायचे!

आणि जागा? विकास आराखड्यात शाळेसाठी भूखंड राखलेला असतो. पण १९६६ च्या नगररचना कायद्याचे १२७ वे कलम वाचा. दहा वर्षांत पालिकेने जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देतो, आणि त्या नोटिशीच्या मुदतीतही पालिका हलली नाही, तर आरक्षण आपोआप उडते. मोर्चा नाही, मतदान नाही. पोरांचे मैदान नि शाळा नुसत्या झोपेने जाते. ही झोप कधी खरी असते, कधी सोंगाची. आम्ही दोन्ही पाहिल्या आहेत. मुंबईत तर मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि नंतर बराच काळ प्रशासकाचाच कारभार चालला. जाब विचारायचा कोणाला?

आमचेही चुकते, तेही बोलतो. शाळा बंद होऊ लागली की आम्ही फाटकावर जमतो, घोषणा देतो. तेव्हा फार उशीर झालेला असतो. पट घटू लागला त्या वर्षी आम्ही कुठे होतो? आणि आमच्यातल्या कितीजणांची पोरे त्या शाळेत होती, हेही ज्याने त्याने घरी जाऊन आठवावे.

तर येत्या पंधरवड्यात एवढे करू. प्रत्येक चाळीने, सोसायटीने, वाडीने सहा वर्षांखालच्या मुलांची यादी करावी. वय लिहा, पत्ता लिहा, घरात कोणती भाषा बोलतात तेही लिहा. शेजारी कानडी असो की उर्दू बोलणारा, त्याचे मूल वगळू नका. मग वॉर्डाच्या कचेरीत अर्ज द्या: आमच्या भागाची नोंद दाखवा, शाळेसाठी राखलेल्या भूखंडांची यादी आणि प्रत्येकाची तारीख सांगा. अर्जाच्या दोन प्रती न्या. एकीवर पोहोच घ्या, आणि शिक्क्यावरची तारीख नीट उमटली आहे का, ते तिथेच उभे राहून बघा.