मैदान सगळ्या लेकरांचे
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



मी आज लेकरांच्या खेळण्याविषयी दोन शब्द बोलणार आहे. गेल्या जयंतीला विहारापुढच्या मोकळ्या जागेत पोरी लंगडी खेळत होत्या. पायाने अधू असलेली एक मुलगी पायरीवर बसून बघत होती. धडधाकट पोरी एका पायावर उड्या मारतात, त्याला आपण खेळ म्हणतो; आणि जिचा पाय खरोखर अधू आहे, तिला "ए लंगडी" म्हणून बाजूला बसवतो. तिची आई म्हणाली, "ताई, हिला कोण खेळायला घेणार?" मला उत्तर देता आले नाही.

बाजूला बसवणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. बाबासाहेब शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसले. 1923 साली मुंबई कौन्सिलात बोले साहेबांचा ठराव झाला, की सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. 1924 साली महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. पण तळ्यापर्यंत जाता कुठे येत होते? 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारोंसह चालत गेले, ओंजळीने पाणी प्याले. पुढे 1937 पर्यंत कोर्टात लढावे लागले.

दोन्ही दुःखे सारखी नाहीत, हे मी जाणते. पण कागदावरचा हक्क पायाखाली यावा लागतो, ही गोष्ट सारखीच आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा 2016 साली झाला. शाळेत इतरांच्या बरोबरीने खेळायची संधी द्यावी, असे त्यात लिहिले आहे. नागपूरला सर्वांना एकत्र वापरता येईल असे 'अनुभूती' उद्यान उभारण्याची घोषणा 2023 साली झाली. आपल्याला एवढे मोठे काही नको.

आपली परभणीची काळी माती! एक पाऊस पडला की सायकल रुतते, तिथे चाकाची खुर्ची काय चालणार? म्हणून फाटकापासून लिंबाच्या झाडापर्यंत मुरूम दाबून पक्की वाट करावी. पायरीशेजारी उतार करावा. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, म्हणजे खुर्ची सहज चढते. एका झोपाळ्याला पाठ आणि पट्टा लावावा. आंधळ्या लेकरासाठी आत छर्रे घातलेला, वाजणारा चेंडू आणावा. ऐकू न येणाऱ्यासाठी शिट्टीबरोबर रुमाल हलवावा. उन्हाळ्यात पत्र्याची घसरगुंडी तापते, तिच्यावर सावली करावी.

पुष्कळसे काम श्रमदानातून होईल. शिवाय ग्रामपंचायत, नगरपालिकेने आपल्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो मागायला आपण अर्ज घेऊन जाऊ.

पण सर्वात आधी एक काम, त्याला पैसा लागत नाही. आज घरी गेल्यावर आपल्या लेकरांना सांगा, की तिला तिच्या नावाने हाक मारा आणि विचारा, "बाई, तुला कोणता खेळ आवडतो?" पुढच्या वर्धापन दिनी ती पोर पायरीवर दिसू नये, एवढीच माझी विनंती.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!