पाहुण्याची पंगत आणि प्रदेशाचे भवितव्य



शाश्वत पर्यटन आणि प्रादेशिक अन्नसंस्कृती हा विषय या संमेलनाने पिंपरी-चिंचवडसारख्या कारखान्यांच्या नगरीत चर्चेला घ्यावा, याचे काहींना नवल वाटते. जेथे मोटारी आणि त्यांचे सुटे भाग तयार होतात तेथे पाहुण्याने यावे कशाला, असा त्यांचा सवाल असतो. त्यांनी या मुलखाचे जुने दप्तर एकदा उघडून पाहावे. पवनेच्या तीरी चिंचवडास मोरया गोसावींची समाधी आहे, इंद्रायणीच्या काठी देहू आणि आळंदी आहेत, तुकोबांच्या चिंतनाचे स्थान म्हणून वारकऱ्यांना वंद्य असलेला भामचंद्र डोंगर चाकणच्या कारखान्यांच्या उशाशी उभा आहे, आणि १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाच्या अफाट फौजेस जवळजवळ दोन महिने ज्या भुईकोटाच्या बळावर थोपवून धरले, तो संग्रामदुर्ग तर खुद्द चाकण कसब्यातच आहे. येथे पाहुणा यावा की नाही, हा प्रश्न शतकांपूर्वीच निकालात निघाला. आलेल्या पाहुण्याने कसे वागावे आणि यजमानाच्या पदरात काय पडावे, एवढाच प्रश्न शिल्लक उरतो.

त्याचे उत्तर शोधावयास परदेशी जाण्याचे कारण नाही. ज्येष्ठ वद्यात तुकोबांची पालखी देहूहून निघते, पहिली रात्र इनामदारवाड्यात काढते आणि दुसऱ्या मुक्कामास आकुर्डीच्या विठ्ठलमंदिरात येते. अनेक पिढ्यांच्या या वहिवाटीत वारकरी आपल्या आवडीनिवडीची यादी घेऊन कोणाच्या दारी जात नाही. गावाने जे रांधले असेल, मग ते पिठले-भाकरी असो वा आमटी-भात, ते पंगतीत बसून खातो आणि पुढे चालू लागतो. पाहुणा वाट्यास आलेले आनंदाने स्वीकारतो, म्हणूनच यजमानास त्याचे ओझे होत नाही. अर्थात केवळ भाविकतेने सारे सुरळीत होते असेही नाही. लाखोंच्या समुदायामुळे मुक्कामाच्या गावांत अस्वच्छतेचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा फिरत्या शौचालयांची तरतूद करून ‘निर्मल वारी’चा उपक्रम हाती घ्यावा लागलाच. श्रद्धेलाही बंदोबस्त लागतो. मग सहलीला तो किती लागेल!

या नगरीचे दुसरे वैशिष्ट्य असे की, येथील यजमान स्वतःच कधीकाळी पाहुणा म्हणून आलेला आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासित पिंपरीच्या छावणीत आले. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि साताऱ्याचा, सोलापूरचा, मराठवाड्याचा, खानदेशचा तरुण पत्र्याची ट्रंक घेऊन या भूमीत उतरला. १९८२ साली येथे महानगरपालिका झाली, तोवर त्या तरुणांची मुले स्वतःस येथलीच म्हणवू लागली होती. चाकणचा कांदा-बटाट्याचा बाजार ज्या परिसरात भरतो, तेथे आता बिहारचा, ओडिशाचा, आसामचा कामगार भाड्याच्या खोलीत राहतो आणि मराठवाड्यातून आलेल्या बाईच्या खानावळीत ज्वारीची भाकरी खावयास शिकतो. पिंपरीत दाल-पकवान मिळते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांतून कानबाईची स्थापना होऊन रोट शिजतात. कार्तिकात छठपूजेसाठी मोशीच्या इंद्रायणीघाटावर उत्तरेकडील कुटुंबे जमतात. महापालिकेतर्फे भरणाऱ्या पवनाथडी जत्रेचे महत्त्व मला या संदर्भात वाटते. बचतगटांच्या स्त्रिया तेथे आपापल्या मुलखाचे पदार्थ स्वतःच्या हाताने करून विकतात, आणि जुन्नरकडची मासवडी व हुलग्याची शेंगोळी खाणारा मनुष्य पुढच्याच गाळ्यावर खापरावरच्या मांड्यांपुढे थांबतो. दुसऱ्याच्या मुलखाविषयीचा आदर व्याख्यानापेक्षा अशा घासातून लवकर उत्पन्न होतो, असे माझे मत आहे.

परंतु आदर उत्पन्न झाला म्हणजे त्या घासाचे धान्य पिकविणारे शेत वाचले असे नव्हे. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहोर-१५७ आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून सिद्ध केलेला ‘इंद्रायणी’ हा भात १९८७ साली प्रसारित झाला. आंबेमोहोराचा सुवास राहावा आणि उंच वाढून लोळणाऱ्या, उत्पन्नात तोकड्या पडणाऱ्या त्या जुन्या पिकाची उणीव भरून निघावी, अशी ती योजना होती, आणि मावळच्या खाचरांनी ती यशस्वी केली. आज त्याच खाचरांच्या बांधावर भूखंडविक्रीचे फलक लागले आहेत. मावळात मौजेसाठी आलेल्या कुटुंबाच्या ताटात परप्रांतीचा तांदूळ वाढला जात असेल, तर त्या कुटुंबाने कितीही पैसा खर्च केला तरी खाचराच्या मालकास त्यातील छदामही मिळत नाही, आणि खाचर विकण्याचा त्याचा निश्चय अधिकच पक्का होतो. पर्यटन टिकाऊ आहे की नाही, याची कसोटी मी म्हणूनच ताटावर लावतो. भोजनाचा पैसा ज्या गावात राहतो, त्या गावाची शेती, पाणी आणि सण राहतात.

भोजनाचा पैसा गावातच राखणे अशक्य नाही, हे शिरूर तालुक्यातील मोराच्या चिंचोलीसारख्या गावांनी दाखविले आहे. थंडीत ज्वारीचे कणीस दुधात असताना गोवऱ्यांच्या आगटीत भाजून, हातावर चोळून दिलेला हुरडा शहरातल्या दुकानात तसा मिळत नाही. त्यासाठी मनुष्यास शेताच्या बांधावरच जावे लागते, आणि तेही हंगाम असेल तेव्हाच. राज्य सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर करून कृषी पर्यटन केंद्रांच्या नोंदणीची व्यवस्था केली आहे. धोरण कागदावर उत्तम आहे. नोंदणीकृत केंद्राच्या स्वयंपाकघरात शिजणारे धान्य कोठले, याची विचारपूस मात्र सरकारने आणि आपणही करावयास हवी.

ताटाइतकाच प्रश्न गर्दीच्या बंदोबस्ताचाही आहे, म्हणून एका दुःखद घटनेचा उल्लेख येथे टाळता येणार नाही. १५ जून २०२५ रोजी, रविवारी, इंद्रायणीवरील कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने भरलेला असताना कोसळला आणि चार माणसे दगावली. पूल जीर्ण होता हे खरे. परंतु सारे शहर एकाच दिवशी एकाच काठावर लोटते, हेही तितकेच खरे आहे. आणि तीच इंद्रायणी पुढे आळंदीस पोहोचते तेव्हा तिच्या पाण्यावर रासायनिक फेस तरंगत असतो. ज्या नदीचे नाव आपण भाताला दिले, तिच्यात सांडपाणी सोडून तिच्या काठी अन्नसंस्कृतीचे उत्सव भरविणे हा दांभिकपणा आहे, असे मी या व्यासपीठावरून स्पष्ट बोलतो.

म्हणून माझ्या सूचना मोजक्या आहेत. प्रत्येक कृषी पर्यटन केंद्राने ताटातील धान्य कोणत्या गावच्या शेतातले, हे फळ्यावर लिहावे. पावसाळ्यात धबधब्यांवर आणि नदीकाठी किती माणसे सोडावीत हे ग्रामसभेच्या संमतीने ठरावे आणि त्याची अंमलबजावणी कसोशीने व्हावी. कारखानदारांनी आणि महापालिकेने प्रक्रिया न केलेले पाणी नदीत जाऊ न देण्याची जबाबदारी या संमेलनाच्या ठरावात आपल्या नावे लिहून घ्यावी. आणि शेवटची सूचना खास या नगरीसाठी आहे. येथील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवारच्या गर्दीत गुदमरणाऱ्या मावळास आणि खेडास हा गुरुवार वरदानच ठरू शकेल. केंद्रचालकांनो, आपण गुरुवारी कामगारांच्या कुटुंबांसाठी दर उतरवा. आणि कामगार बंधुभगिनींनो, आपण गुरुवारी शेतावर या, तेथले अन्न खा, आणि आपल्या मुलखाचा एखादा पदार्थ त्या घरच्या चुलीवर करून दाखवा. येणाऱ्या हुरड्याच्या हंगामापासूनच हा शिरस्ता आपण सुरू करावा, अशी माझी आपणा सर्वांस आग्रहाची विनंती आहे.