हेतू पुढे, आपण मागे



‘हेतुपुरस्सर’ या एका शब्दाबद्दल दोन मिनिटं बोलतो. ‘हेतू’ एकटा असला की ‘तू’ दीर्घ, समासात गेला की ऱ्हस्व, हे आपल्याला इथेच शिकवलं गेलं. ‘पुरस्सर’ म्हणजे पुढे चालणारा. ज्या कामात हेतू पुढे चालतो आणि माणूस त्याच्या मागे, ते काम हेतुपुरस्सर.

पण आपण तो वापरतो कुठे? हेतुपुरस्सर बदनामी, हेतुपुरस्सर दुर्लक्ष. ‘मुद्दाम’ अजून दोन्हीकडे चालतो. पाहुणा मुद्दाम भेटायला येतो, पोरगं मुद्दाम खोडी काढतं. ‘हेतुपुरस्सर’ मात्र आरोपापुरताच उरला.

आपल्या म्हसवडचंच बघा. माणदेशी महिला बँकेचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण अर्ज करणाऱ्या बायका अंगठा उठवणाऱ्या होत्या. चेतना सिन्हांच्या साथीने त्या लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा अर्ज केला आणि १९९७ साली बँक उभी राहिली. त्यांनी अक्षरं गिरवली ती हेतुपुरस्सर. इथे हा शब्द शोभतो.

आज काही खुर्च्या रिकाम्या आहेत. ‘तो हेतुपुरस्सर आला नाही’ असं सकाळपासून दोनदा कानावर आलं. त्याचा हेतू आपल्याला ठाऊक आहे का? नसेल तर ‘आला नाही’ एवढंच म्हणू या. आणि संध्याकाळी त्याच्या घरी हेतुपुरस्सर जाऊ या.