वेढ्यातील नगर आणि पाण्याचा घडा



प्राचीन ग्रीसमध्ये पाणी भरण्यासाठी मातीचा एक विशिष्ट घडा वापरीत. त्याला तीन कान असत. दोन बाजूंचे उचलण्यासाठी आणि पाठीमागचा ओतताना धरण्यासाठी. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात अथेन्सच्या कुंभारांनी अशा घड्यांवर काळ्या रंगात जी चित्रे काढली, त्यांत एक प्रसंग पुनःपुन्हा येतो. ट्रॉय नगराला वेढा पडला आहे. राजकन्या पॉलिक्झेना तटाबाहेरच्या झऱ्यावर घडा भरते आहे. तिचा धाकटा भाऊ ट्रॉइलस घोडे पाण्यावर घेऊन आला आहे. आणि झऱ्याच्या आडोशाला, ढाल-भाला सावरून, ॲकिलीज हा महावीर दबा धरून बसला आहे. पुढच्याच क्षणी काय होणार हे पाहणाराला ठाऊक असते. परंतु चित्रकाराने आपला कुंचला थांबविला आहे तो घडा भरत असतानाच्या क्षणावर.

मला ह्या चित्राचे मोल वाटते ते अशासाठी की, कला, युद्ध आणि नित्याचे जीवन ह्या तीन गोष्टी आपण इतिहासात तीन वेगळ्या प्रकरणांत वाचतो. येथे त्या एकाच घड्यावर एकत्र आल्या आहेत. शिवाय ज्या घड्यावर हे चित्र आहे, तो घडाही पाणी भरण्याचाच! वेढ्याचा इतिहास म्हणजे केवळ तोफांचा आणि तलवारींचा इतिहास नव्हे, तो पाण्याचा आणि भाकरीचाही इतिहास असतो, हे त्या अनामिक कुंभाराने ओळखले होते. हीच दृष्टी घेऊन आपण आज झाशीकडे पाहू या.

झाशीचा किल्ला ओरछाचा राजा वीरसिंह देव ह्याने १६१३ मध्ये बंगरा नावाच्या टेकडीवर बांधला. महंमदखान बंगशाच्या वेढ्यातून बाजीराव पेशव्यांनी १७२९ मध्ये छत्रसालाची सुटका केली, आणि त्या उपकारापोटी बुंदेलखंडातील मुलूख मराठ्यांकडे आला, ही कथा आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. १७४२ मध्ये नारो शंकर झाशीचे सुभेदार झाले. त्यांनी किल्ल्याचा विस्तार केला. तो भाग आजही शंकरगड ह्या नावाने ओळखला जातो. किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांनी शहर वसविले. पुढे नेवाळकर घराण्याकडे सुभा आला आणि रघुनाथ हरी ह्यांच्या काळात झाशी एका मराठी संस्थानाची राजधानी झाली. कोकणातून, देशावरून, कोल्हापुराकडून आलेली माणसे बुंदेली बोलीच्या मुलखात स्थिरावली. त्यांनी आपली कुलदैवत महालक्ष्मी तलावाच्या काठी स्थापिली, शहरात गणपतीचे मंदिर बांधले, आणि चैत्रात गौर मांडून हळदीकुंकू केले. शहराभोवती तट होता. त्याच्या दरवाजांची नावे घेतली तरी आसपासचा सारा मुलूख डोळ्यांपुढे येतो: दतिया दरवाजा, ओरछा दरवाजा, सागर दरवाजा, भांडेर दरवाजा; आणि त्यांच्याच रांगेत खंडेरावाच्या नावाचा एक दरवाजा, खास आपला.

ह्या नगरात कला होती. राणीमहालाच्या छतांवर आणि भिंतींवर फुलापानांची व मोरांची रंगीत चित्रे आजही दिसतात. गंगाधरराव महाराजांना दोन गोष्टींचा विलक्षण नाद होता. एक नाटकांचा आणि दुसरा ग्रंथांचा. त्यांनी नाटकशाळा चालविली होती, आणि ते स्वतः स्त्रीवेष घेत, ह्याचीही त्या काळी बरीच चर्चा झाली. इंग्रज अधिकाऱ्यांनी आणि पुढच्या लेखकांनी ह्या गोष्टीकडे एक विकृती म्हणून बोट दाखविले. परंतु सांगलीस विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये जे मराठी नाटक उभे केले, त्यातही स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत होते. आणि अथेन्सच्या रंगभूमीवर तर अँटिगनी काय आणि मीडिया काय, साऱ्या नायिका पुरुषांनीच रंगविल्या. ज्या सॉफोक्लीजने अँटिगनी लिहिली, त्यालाच अथेन्सच्या नागरिकांनी इसवी सनापूर्वी ४४१ च्या सुमारास सेनापती म्हणून निवडून दिले. नाटकाचा नाद आणि राज्याची जबाबदारी ह्यांत विरोध आहे असे ग्रीकांना वाटले नाही. गंगाधररावांच्या कारभारात दोष होतेच. पण त्यांच्या नाटकवेडाला दोषांच्या यादीत घालण्याचे कारण नाही.

त्यांच्या ग्रंथसंग्रहाविषयी आपणांस सांगणारा साक्षीदार म्हणजे वरसईचे विष्णुभट गोडसे. घरच्या कर्जाने गांजलेला हा कोकणातला भिक्षुक १८५७ मध्ये आपल्या चुलत्यासह उत्तरेस निघाला तो बायजाबाई शिंदे मथुरेस यज्ञ करणार आहेत हे ऐकून, दक्षिणेच्या आशेने. गाठ पडली ती मात्र बंडाशी. फिरत फिरत हे गृहस्थ झाशीस पोहोचले आणि वेढ्याच्या दिवसांत तटाच्या आतच राहिले. वेद, शास्त्रे, पुराणे ह्यांच्या पोथ्या जमवून मोठ्या निगुतीने राखलेल्या त्या पुस्तकालयाचे त्यांनी जे वर्णन केले आहे, ते एका विद्याव्यासंगी माणसाच्या कौतुकाने केलेले आहे.

गंगाधरराव १८५३ च्या नोव्हेंबरात वारले. दत्तक नामंजूर करून डलहौसीने १८५४ मध्ये संस्थान खालसा केले. १८५७ च्या जूनमध्ये झाशीतील पलटणी उठल्या. किल्ल्यात आश्रय घेतलेले इंग्रज बाहेर आले, आणि ८ जून रोजी जोखनबागेत त्यांची, बायकामुलांसह, कत्तल झाली. ही गोष्ट टाळून झाशीची कथा सांगता येत नाही. कारण पुढे शहरावर जो सूड उगविला गेला, त्याचे निमित्त तीच झाली.

येथे मला ग्रीसमधील एका लहानशा नगराची आठवण होते. प्लाटिया त्याचे नाव. इसवी सनापूर्वी ४३१ मध्ये थीब्जच्या सैनिकांनी एका रात्री दगा करून ह्या नगरात प्रवेश केला. नगरवासी जागे झाले. स्त्रियांनी व दासांनी छपरांवरून दगड आणि कौले फेकली. शत्रू कोंडला गेला, आणि मग प्लाटियाच्या लोकांनी १८० कैद्यांचा वध केला. दोन वर्षांनी स्पार्टाने वेढा घातला. आत उरले ४८० पुरुष, आणि त्यांच्या भाकरी भाजण्यासाठी ११० स्त्रिया. थ्यूसिडिडीज हा इतिहासकार हे आकडे देतो. योद्ध्यांची मोजदाद सर्वच इतिहासकार करतात. भाकरी भाजणाऱ्या हातांची मोजदाद करणारा क्वचितच आढळतो.

झाशीच्या वेढ्याला सर ह्यू रोजची फौज आली ती २१ मार्च १८५८ च्या सुमारास. पंचांग पाहिले तर त्या वर्षीचा गुढीपाडवा १६ मार्चचा. म्हणजे दारची गुढी उतरून आठवडाही लोटला नव्हता. चैत्रगौरीचा महिना, आणि तोफांचा मारा! दिवसा तटाला पडलेली भगदाडे रात्री बुजविली जात. गुलाम गौस खान तोफा चालवीत होते. स्त्रिया तोफांच्या मोर्चांवर राबत आहेत, दारूगोळा वाहून नेत आहेत, हे शत्रूच्या सेनापतीनेच आपल्या अहवालात नमूद केले आहे. उन्हाळा सुरू झालेला. झाशी मुळातच पाण्याला दुर्भिक्ष असलेले गाव. विहिरीवर जावे तर गोळा येईल, न जावे तर घरात घोटभर पाणी नाही, अशी अवस्था. ट्रॉयच्या झऱ्यावरची ती राजकन्या काव्यातली होती. झाशीच्या विहिरीवरच्या बायका प्रत्यक्षातल्या होत्या.

३१ मार्चच्या रात्री तात्या टोप्यांची फौज बेतवेकाठी आली, आणि १ एप्रिलला तिचा पराभव झाला. ३ एप्रिलला इंग्रज शहरात शिरले. ४ एप्रिलच्या रात्री राणी लक्ष्मीबाई मोजक्या स्वारांसह वेढ्यातून निसटल्या आणि भांडेरच्या वाटेने काल्पीकडे गेल्या.

प्लाटियाचेही काही लोक असेच निसटले होते. शत्रूने भोवती बांधलेल्या भिंतीच्या विटांचे थर त्यांनी दुरून मोजले. एकाची मोजणी चुकेल म्हणून अनेकांनी मोजले. बहुतेकांचा आकडा जुळला तो खरा धरला आणि त्या मापाने शिड्या केल्या. एका वादळी रात्री, चिखलात पाय घसरू नये म्हणून केवळ डाव्या पायात जोडा घालून, ते भिंत ओलांडून गेले. २१२ जण अथेन्सला पोहोचले. मागे राहिलेले अन्न संपेपर्यंत टिकले. शेवटी शरण आलेल्या पुरुषांपैकी दोनशेहून अधिकांना मारण्यात आले, स्त्रियांना दासी करण्यात आले, आणि नंतर ते नगर जमीनदोस्त झाले.

निसटून गेलेल्यांची कथा आपण अभिमानाने सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण मागे राहिलेल्यांचे काय झाले, हे विचारण्याचे धैर्यही इतिहासाला हवे. झाशीत मागे राहिलेल्यांचे काय झाले ते विष्णुभटांनी पाहिले. हलवाईपुरा पेटला. घराघरांत शिरून माणसे मारली गेली. कित्येकांनी विहिरींत उड्या घेतल्या. मग लूट सुरू झाली, आणि तिलाही एक क्रम होता. आधी सोनेनाणे, चांदी आणि जडजवाहीर. नंतर तांब्यापितळेची भांडी. त्यानंतर धान्य आणि कापडचोपड. संसार बायका ज्या क्रमाने मांडतात, त्याच्या नेमका उलट क्रम हा. चूल, धान्य, भांडी, आणि उरलेच तर दागिना, असा संसार उभा राहतो. येथे दागिन्यापासून धान्यापर्यंत तो उतरविला गेला. त्याच धुमाळीत ते पुस्तकालयही गेले. पोथ्यांची बासने लुटारूंच्या उपयोगाची होती. पाने त्यांच्या लेखी निरुपयोगी होती.

आता ह्या दोन साक्षीदारांचा विचार करू. थ्यूसिडिडीज सेनापती होता. एक ठाणे वेळेवर वाचविता आले नाही म्हणून तो वीस वर्षे हद्दपार झाला, आणि त्या अवधीत दोन्ही पक्षांकडून माहिती मिळवीत राहिला. त्याची दृष्टी कारणे शोधणाऱ्याची आहे. विष्णुभट कोणाच्या पदरी नव्हते. त्यांना राजकारणाची कारणे पुष्कळदा नीट उमगलेली नाहीत, ऐकीव गोष्टीही त्यांनी खऱ्या धरल्या आहेत. परंतु भूक, तहान, भय आणि माणसाचे वागणे ह्यांविषयी ते बोलतात तेव्हा त्यांच्या शब्दावर विश्वास बसतो. काल्पीच्या वाटेवर त्यांना राणीसाहेब पुन्हा दिसल्या. धुळीने माखलेल्या, तहानेने व्याकूळ. विष्णुभट विहिरीचे पाणी काढून द्यावयास पुढे झाले, तर विद्वान ब्राह्मणाला हे काम सांगावयाचे नाही म्हणून दोर आणि मडके राणीने आपल्या हाती घेतले आणि स्वतःच पाणी शेंदून ती प्याली. राज्य गेलेले, शत्रू पाठीवर, आणि तरी मर्यादा सुटलेली नाही! राणीच्या शौर्याची वर्णने शत्रूनेही केली आहेत. तिच्या ह्या तहानेचे वर्णन मात्र ह्या एका गरीब भिक्षुकाने केले.

आणि हे वर्णन आपल्यापर्यंत कसे पोहोचले तेही ऐकण्याजोगे आहे. विष्णुभट वरसईस परतले. चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून, घटनेनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, त्यांनी आपला प्रवास लिहून काढला. लेखकाच्या हयातीत तो छापला गेला नाही. वैद्यांनी १९०७ मध्ये तो ‘माझा प्रवास’ ह्या नावाने प्रसिद्ध केला, पण बरेच फेरफार करून. कारण राज्य इंग्रजांचे होते. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांनी छापला तो १९६६ मध्ये, स्वराज्य आल्यावर. मधल्या काळात कोणा एकाने ते बाड कुचकामाचे समजून फेकून दिले असते, तर ती विहीर, तो दोर आणि ते मडके कायमचे बुजून गेले असते.

झाशीस आज कोणी गेले तर कडकबिजली आणि भवानीशंकर ह्या तोफा किल्ल्यात पाहावयास मिळतात. गुलाम गौस खान, खुदाबक्ष आणि मोतीबाई ह्यांच्या कबरी दाखविल्या जातात. ह्या मोतीबाई गंगाधररावांच्या नाटकशाळेतल्या नटी होत्या, अशी परंपरा आहे. म्हणजे रंगभूमी आणि रणभूमी तेथे एकाच मातीत विसावल्या आहेत. राणीमहालात आता बुंदेलखंडातील प्राचीन शिल्पांचा संग्रह आहे. लोखंड टिकले, दगड टिकला. टिकली नाही ती पुस्तके. आणि टिकली नाहीत त्या घरांतली नित्याची टाचणे, हिशेब, पत्रे, ज्यांवरून त्या चैत्रात कोणाच्या घरी किती धान्य होते आणि पाणी कोठून येत होते हे कळले असते.

मराठी माणसे ज्या ज्या मुलखांत गेली, झाशी-ग्वाल्हेरीपासून तंजावरापर्यंत, तेथे त्यांच्या घरांत अशी बाडे राहिली आहेत. मोडीतले जमाखर्च, लग्नाच्या याद्या, यात्रेची टिपणे, कोणा आजीने सांगितलेल्या आणि कोणा नातवाने उतरवून घेतलेल्या आठवणी. त्यांत राजाराणींची नावे नसतील, म्हणून ती रद्दी ठरत नाहीत. एकशे दहा स्त्रियांनी भाकरी भाजल्या म्हणून प्लाटिया तितके दिवस लढले, ही गोष्ट कोणी तरी लिहून ठेवली म्हणूनच चोवीसशे वर्षांनी आपल्याला कळते. आपल्या माळ्यावरचे ते बाड वाळवीच्या स्वाधीन करण्यापूर्वी एकदा उघडून पाहावे, वाचता येत नसेल तर वाचू शकणाऱ्याच्या हाती द्यावे, इतकीच माझी आपणांस विनंती आहे. तोफा सांभाळावयाला सरकार आहे. घराघरांतल्या त्या कागदांना आपल्यावाचून कोणी नाही.