अर्ध्या झोपेचा पहारा
बंगळुरूच्या आग्नेय भागात, अगरा तलावाच्या काठाला लागून, एचएसआर लेआउट ही वसाहत आहे. येथील काही कचेऱ्यांतून सागरापलीकडील घड्याळाबरहुकूम कामे चालतात. मध्यरात्रीही खिडक्यांतून दिवे दिसतात. तलावावरची हळदी-कुंकू बदके मात्र भर दुपारीही चोची पिसांत खुपसून निवांत निजलेली असतात.

निवांत म्हणणे तितकेसे खरे नव्हे. याच कुळातील मॅलार्ड बदकांच्या परीक्षेचा वृत्तांत १९९९ साली प्रसिद्ध झाला. चार बदके ओळीने निजली असता मधली दोन बहुधा दोन्ही डोळे मिटत. कडेची दोन मात्र पुष्कळदा बाहेरचा डोळा उघडा ठेवीत आणि तेवढ्या वेळी त्यांचा निम्मा मेंदू जागा राही. गावच्या जागल्याचीच ही रीत; फरक एवढाच, की येथे जागल्याही अर्धा निजलेला!

निजलेला प्राणी खात नाही, पिलांची राखण करीत नाही आणि शत्रूला आयता सापडतो. जीवनकलहात इतके महाग पडणारे हे व्यसन निसर्गाने केव्हाच मोडावयास हवे होते. ते त्याने मोडले नाही. श्वासासाठी वारंवार पाण्यावर यावे लागणारा डॉल्फिनही अर्धा अर्धा मेंदू आळीपाळीने निजवितो. अडचण आली तेथे झोपेची वाटणी झाली. पण तिला कायमची रजा मिळाली नाही.

मेंदूला विसावा हवा म्हणून झोप, हे उत्तर सहज सुचते. पण ते पुरत नाही. २०१७ साली कॅसिओपिया नावाच्या जेलीफिशमध्येही झोपेची लक्षणे आढळली. तिला मेंदूच नाही! तरीही रात्री जागविली की दुसऱ्या दिवशी ती मंदावते. तेव्हा झोप मेंदूहून जुनी असावी आणि जागेपणीची झीज भरून काढणे हे तिचे मूळ काम असावे, या तर्काला बळ येते. २०२० साली झोप हिरावलेल्या फळमाश्यांच्या आतड्यांत घातक ऑक्सिडीकारक द्रव्ये साचलेली दिसली. त्यांवर उतारा दिला, तेव्हा त्या माश्या न झोपताही जवळजवळ पुरते आयुष्य जगल्या. स्मृतीची जुळवाजुळव वगैरे कामे झोपेने पुढे, जोडधंद्यासारखी, अंगावर घेतली असावीत.

माणसाकडे जागल्याचा थोडा अंश उरला आहे. परक्या जागी पहिल्या रात्री मेंदूची डावी बाजू काहीशी सावध राहते, असे २०१६ साली दिसून आले. पण तेवढ्या सावधपणावर रात्रभर हिशेब करता येत नाहीत. पहाटे घरी परतलेला एचएसआरमधील तरुण पडदे ओढून तूट भरू पाहतो. त्याच्या शरीराचे घड्याळ मात्र सूर्यावर लावलेले असते, आणि ते त्याला दुपारी, झोप पुरी होण्याआधीच, उठवून बसवते.